माझ्या बोटाला न उघडणारा मेनू

चिरंजीव दोन दिवस राहून गेले आणि त्यांच्या मागोमाग आमच्या कॉम्प्युटरचा मेनू बंद पडला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तो चौकोनी ठिपका असतो ना, ज्यावर दाबलं की सगळी यादी वर सरकते, तोच. मी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म. आणि मी दाबलं म्हणजे दाबलंच. टिचकी मारून पळून जायची सवय मला नाही. बाण ठिपक्यावर नीट बसलेला, माउसचं बटण खाली गेलेलं बोटाला कळतंय, आणि पडदा माझ्याकडे बघतोय जसं काही मी चुकून शेजाऱ्यांची बेल वाजवली.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जुनं यंत्र आहे, चालायचंच. मी नाही म्हटलं. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात हयात घालवली आहे. माणसं लंगडत आत यायची आणि म्हणायची, "काही नाही हो, जरासं मुरगळलंय." फोटोत बघावं तर हाडाचे दोन तुकडे. तेव्हापासून कुणी 'काही नाही' म्हणालं की माझे कान टवकारतात. आणि गेले काही महिने आमच्या घरात 'काही नाही' फार वाढलं होतं.

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा घेतात, तो हे नोकरीला आहेत त्या लॅबमध्ये येतो, मग हे मेणात एकेक दात बसवून पुरती बत्तीशी उभी करतात. सगळी गल्ली यांना कवळीवाले म्हणते. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातून गेलंय, असं हे ऐटीत सांगतात. अर्ध्या गावाचं नव्हे, गावाचं अर्धं, नुसता वरचा जबडा, असं मी म्हणते. पूर्वी काम घरी यायचं. जेवणाच्या टेबलावर मेणात रोवलेले दात आ वासून बसलेले असायचे आणि मी त्यांच्याच शेजारी भाजी निवडायची. आताशा एकही दात घरी येत नव्हता. विचारलं तर, "काही नाही, लॅबमध्येच उरकतं."

बरं, एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि हे आत फोनवर चिरंजीवांशी बोलत होते. आवाज दबका. दबका आवाज मला मोठ्या आवाजापेक्षा लवकर ऐकू येतो. "नाही, तिला इतक्यात सांगायचं नाही," हे म्हणाले. "घराचं मग बघू."

कपड्यांचा चिमटा माझ्या तोंडातच राहिला.

घराचं काय बघायचं होतं? दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक गॅलरी. चिरंजीवांच्या शहरात मोठा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सूनबाई भली आहे. दर फोनला तो म्हणतो, "आई, आता तिथं काय ठेवलंय? इकडे या." इथं काय ठेवलंय? इथं मी आहे. इथली प्रत्येक फरशी मी निवडून घेतलीय, प्रत्येक खिळा मी ठोकून घेतलाय, आणि कुठल्या खिडकीला पावसाळ्यात कागदाची घडी लावावी लागते ते एकट्या मला ठाऊक आहे. हे घर सोडून मी कुठंही जाणार नाही, असं मी मुलाला तोंडावर सांगितलंय, सूनबाईला गोड बोलून सांगितलंय आणि यांना भांडून सांगितलंय. तरी माझ्या पाठीमागे 'घराचं मग बघू'!

त्यानंतर चिरंजीव आले. आल्या आल्या बापलेक कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं. मी चहा घेऊन गेले तशी दोघांची बोलती बंद. "काही नाही गं आई, बाबांना जरा शिकवतोय," मुलगा म्हणाला. साठीच्या माणसाला दार लावून काय शिकवतात? दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि मी बसले तर मेनू बंद. पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि कुठं ते सांगायला ज्योतिषी नको होता. घराच्या व्यवहाराचं जे काही होतं ते त्या यंत्रात ठेवून माझ्या तोंडावर दार लावलं होतं.

तरी आरोप करण्याआधी तपासणी करावी, ही आमच्या खात्याची शिस्त. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. माउस उपडा करून त्याच्या पोटातली धूळ काडीला कापूस लावून काढली. वायर उपटून दुसऱ्या भोकात खुपसली. खालचा मऊ चौकोन काढून साध्या वहीवर माउस चालवून पाहिला. कधीमधी मेनू उघडायचा, नाही असं नाही, पण मी हर्षानं पुढचं बटण दाबेपर्यंत मिटायचा. एकदा तर कहरच झाला. आमच्या जुन्या फोटोंची पिवळी फाइल पडद्यावर होती, तिच्यावर मी बोट दाबलं, तर ती बाणाला चिकटली. बाण नेईन तिकडे फरफटत यायला लागली. झटकली तरी सुटेना. वैतागून आणखी एकदा दाबलं, तर थेट केराच्या टोपलीशेजारी जाऊन पडली. चाळीस वर्षांचा संसार त्या फाइलमध्ये होता. मला ते लक्षण काही बरं वाटलं नाही.

संध्याकाळी हे आले. "अहो, मेनू उघडत नाहीये," मी म्हटलं आणि यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"बघू," म्हणत हे उभ्या उभ्याच वाकले, माउसला हात लावला, आणि मेनू वर आला. शहाण्या मुलासारखा.

"उघडतोय की."

"मला नाही उघडत."

"असं कसं होईल?" हे हसले आणि उजवा हात खिशात घातला.

तो हात! हल्ली हा हात सारखा खिशात. घरात, जिन्यात, शेजाऱ्यांशी बोलताना. खिशात असं काय आहे म्हणून मी धुवायच्या कपड्यांत शोध घेतला होता. बसचं एक तिकीट आणि मेणाचा एक खडा, बाकी काही नाही. आणखी एक. जन्मभर बटणांचे शर्ट घालणाऱ्या या माणसानं एकाएकी गळ्यातून घालायचे बनियनसारखे सदरे आणले होते. "सुटसुटीत असतात," म्हणे. मी मनात म्हटलं, आलं लक्षात. मोठ्या शहरात राहायला जायची रंगीत तालीम चाललीय.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चौकात त्याचं दुकान आहे, पोट त्याच्या आधी खोलीत शिरतं. मी सगळी हकिकत सांगितली. तो बसला, माउस धरला, मेनू उघडला. मिटला. उघडला.

"काकू, चालू आहे."

"तुम्हाला चालू आहे. उठा. मला बघू दे."

मी बसले, दाबलं. ढिम्म. त्यानं डोकं खाजवलं. "आत कचरा फार साठलाय," तो म्हणाला. मग बराच वेळ कसल्या कसल्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे भरत गेल्या आणि तो त्यांच्याकडे बघत आमचा पंखा किती छान वारा देतो ते सांगत राहिला. शेवटी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, स्वतः मेनू उघडला आणि म्हणाला, "झालं बघा, एकदम नवा." त्याचं पोट जिना उतरून गेलं असेल नसेल, मी दाबलं. पुन्हा तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसं त्यानं यंत्र धुऊन काढलं होतं आणि रोग जागच्या जागी.

मी गॅलरीतून हाक मारली. तो खालूनच ओरडला, "काकू, कीबोर्डवर खिडकीच्या चित्राचं बटण आहे, त्यानंसुद्धा उघडतो!"

दार असताना खिडकीतून उडी मारायला मी काय चोर आहे? चोर दुसरेच होते.

शेजारीण साखर परत द्यायला आली होती, तिला बसवलं. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही, माउस कसा धरतात ते तिला माहीत नाही. तिनं भीतभीत बोट लावलं आणि मेनू उघडला! आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हणजे यांना उघडतो, दुरुस्तीवाल्याला उघडतो, ज्या बाईनं जन्मात माउस पाहिला नाही तिला उघडतो, आणि या घराच्या मालकिणीला नाही. माणूस ओळखून दार लावणारी यंत्रं निघाली आहेत असं मी वाचलं होतं. तसलंच काहीतरी बसवून ठेवलं होतं माझ्यासाठी. पोटच्या पोरानं.

मी त्याला फोन लावला. "कॉम्प्युटरला काय करून गेलास?"

"मी? काही नाही गं."

"खरं सांग."

"अगं, एक बारीकसं सेटिंग बदललंय. बाबांसाठी."

"बाबांसाठी कसलं सेटिंग?"

"तू बाबांनाच विचार ना," तो म्हणाला आणि मीटिंग आहे असं सांगून फोन ठेवला.

त्या रात्री मी यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर 'काही नाही' ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकून माझ्या तोंडून जे निघालं असतं ते परत घेता आलं नसतं. खरं सांगते, मला राग आला होता त्याहून जास्त भीती वाटत होती. इतक्या वर्षांचा हा माणूस माझ्या पायाखालची फरशी काढून विकू शकतो का? नाही, असं मन म्हणायचं. मग हात खिशात का, असं दुसरं मन विचारायचं.

सकाळी भांडी लावता लावता मला एकदम सुचलं. एक्स-रेच्या खोलीत नव्यानं आलेल्यांना मी पहिला धडा द्यायची: एका फोटोवर विसंबायचं नाही. समोरून घेतलात तर बाजूनंही घ्या. समोरून अखंड दिसणारं हाड बाजूनं बघितलं की मोडलेलं सापडतं. आणि मी इतके दिवस काय करत होते? जो येईल त्याच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होते. सगळे जण तोच ठिपका दाबत होते, म्हणजे फरक पडद्यात नव्हता. तो हातात होता. हात मी बाजूनं पाहिलाच नव्हता.

सुट्टीचा दिवस होता. हे पेपर वाचत होते. मी उशीचा अभ्रा आणि सुईदोरा घेऊन कॉम्प्युटरच्या डाव्या अंगाला स्टूल ओढलं आणि बसले.

"अहो, जरा तो मेनू उघडून द्या ना."

हे आले, बसले. उजवा हात खिशातून निघाला. डाव्या हातानं माउस जवळ ओढला, मग उजवा त्याच्यावर ठेवला, जपून, काचेचं भांडं ठेवावं तसा. मग पहिलं बोट बटणाला लागलं आणि लगेच उचललं. तव्याचा चटका बसल्यासारखं. मेनू उघडला.

"मिटला बाई. परत एकदा."

परत तसंच. बोट लागलं, निघालं. मला माझं बोट आठवलं. एक्स-रेचं बटण अर्धं दाबलं की यंत्र तयार होतं, पुरतं दाबलं की किरण सुटतात, आणि टक्क आवाज येईपर्यंत बोट उचलायचं नाही. उचललं तर फोटो वाया, पेशंटला पुन्हा किरणांखाली घालावं लागतं. त्यामुळे माझं बोट आजही कुठलंही बटण दाबतं आणि वाट बघतं. जिन्यातला दिवा असो, कुणाची बेल असो. हे टिचकी मारत होते, दुरुस्तीवाला टिचकी मारत होता, शेजारीण तर घाबरूनच हात काढून घेत होती. दाबून धरणारी सगळ्यांत मी एकटीच.

सापडलं! असं ओरडणार होते. मग यांचा हात माउसवरून घसरून टेबलावर विसावला, आणि मी ओरडले नाही.

हात विसावला होता, पण थांबला नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, न दिसणाऱ्या मेणाची गोळी वळत असल्यासारखे. क्षणभर मला ती यांच्या धंद्याची सवयच वाटली. मग हे पेपरकडे वळले, हाताकडे यांचं लक्ष नव्हतं, आणि तरीही बोटं वळतच होती. मनगटही हलत होतं. असे हात मी पुष्कळ पाहिलेत. टेबलावर ठेवा, हलू नये म्हणून वर वाळूची पिशवी ठेवा, फोटो धूसर तो धूसरच यायचा. पेशंटच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहिलेलं असायचं. कंपवात.

मी यांच्या पुढचा माउस घेतला. बोट लावलं आणि लगेच उचललं. मेनू उघडला.

"बघ, तुलाही उघडला!" हे खूश झाले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हात."

यांनी हात झटकन मांडीखाली घेतला. मग लहान मुलासारखं माझ्याकडे पाहिलं. "काही ना–"

"काही नाही म्हणालात तर या सुईनं टोचेन."

यांनी हात बाहेर काढला आणि आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला.

मग एकेक निघालं. थंडी सरता सरता लॅबमध्ये मेणाची सुरी निसटली होती. मग समोरचा दात वाकडा बसला, एकदा नाही, लागोपाठ. लॅबवाला भला, त्यानं काढून टाकलं नाही. दात आता कॉम्प्युटरवर रचतात, ते शिका म्हणाला. पडद्यावर दात उचलायचा, बटण दाबून धरायचं आणि हिरडीवर नेऊन सोडायचा. "आणि मला तेवढंच जमेना गं," हे म्हणाले. "दाबून धरलं की हात हलतो, दात मध्येच गळून पडतो. मग आपल्या पोरानं काहीतरी करून दिलं. क्षणभर दाबून ठेवलं की पुढचं ते यंत्रच धरून ठेवतं, नुसती टिचकी मारली तर नेहमीसारखंच चालतं. मी इथं सराव करत होतो."

म्हणून फोटोंची फाइल चिकटली होती. म्हणून मेनू. मी दाबून धरत होते, आणि यंत्राला वाटत होतं, हा आपलाच थरथरणारा माणूस आहे, याला मदत केली पाहिजे.

"डॉक्टर?"

"दाखवलं. गोळ्या लॅबमध्ये ठेवतो."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. "आणि मी समजत होते तुम्ही घर विकताय!"

"घर?"

"फोनवर बोलत होतात तुम्ही. घराचं मग बघू. मी ऐकलंय या कानांनी!"

हे आधी बघतच राहिले आणि मग हसायला लागले. हसताना हात जास्तच हलत होता. "अगं, घर विकायला सही लागते. माझी सही परवा बँकेनं परत पाठवली. ही तुमची नव्हे म्हणाले. मुंगीएवढी येते आता."

"मग घराचं काय बघणार होतात?"

हे हसायचे थांबले. "पोराच्या शहरात या आजाराचा चांगला डॉक्टर आहे. नेहमी दाखवावं लागेल, कायमचं. पोरगा म्हणतो, तुम्ही दोघं इकडेच या. मी म्हटलं, ते घर तिचं आहे, ते मग बघू."

"मग बघू काय?" मी उठलेच. अभ्रा खाली पडला. "त्यात बघायचं काय आहे? जायचं! हे घर काढून टाकू. खालच्या मजल्यावरचे कधीचे विचारताहेत, आजच सांगते त्यांना. सामान काय, निम्मं देऊन टाकू. तुमच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगा त्याला, नाहीतर थांबा, मीच करते फोन–"

"बस जरा," हे म्हणाले.

मी बसले नाही.

"म्हणूनच तुला सांगत नव्हतो. तू विचार करायलासुद्धा थांबणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

मी उभीच राहिले. ज्या घरासाठी इतके दिवस नवऱ्याचे खिसे तपासले, ते मी एका दमात विकून मोकळी झाले होते, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की हा माणूस इतके महिने माझ्या शेजारी बसून एकटाच घाबरत होता.